शेजारच्या खुर्चीत

२०१६ च्या एप्रिलमध्ये 'द जंगल बुक' आपल्याकडे प्रदर्शित झाला, तेव्हा सेन्सॉर बोर्डानं त्याला 'यू/ए' प्रमाणपत्र दिलं आणि लोकांनी बोर्डाची यथेच्छ टिंगल केली. मोगलीची गोष्ट बघायला मुलांना आईवडिलांचं मार्गदर्शन हवं? ज्यांच्या लहानपणीच्या रविवार सकाळी दूरदर्शनवरच्या मोगलीनं भरलेल्या होत्या, त्यांच्या तर हे जिव्हारी लागलं. बोर्डाचे तेव्हाचे अध्यक्ष पहलाज निहलानी यांनी कारण दिलं ते थ्रीडीचं. प्राणी अंगावर येतात, मुलं घाबरतील. त्यांच्या कारकिर्दीतले पुष्कळ निर्णय मला पटले नव्हते. या निर्णयाला मात्र मला हसावंसं वाटलं नाही.

दूरदर्शनवरचा शेरखान टीव्हीच्या छोट्या चौकटीत मावायचा. खोलीत उजेड असायचा, आई पोहे परतत असायची, मधेच कुणीतरी दारावरची बेल वाजवायचं. त्या मालिकेतल्या शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता आणि २०१६ च्या हिंदी आवृत्तीतही त्यांचाच. आवाज तोच, वाघही तोच. पण अंधाऱ्या सभागृहात तो भिंतीएवढा होऊन समोर येतो, त्याची गुरगुर पाठीमागूनही ऐकू येते आणि खुर्चीतून पाय जमिनीला न टेकणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला पळायला जागा नसते. मोठ्या माणसांना तिथं गोष्ट दिसते. त्या मुलाला वाघ दिसतो.

आमच्या घरात सिनेमे बघणारी मावशी म्हणजे मी. त्यामुळे धाकट्या बहिणीचा, चुलतभावंडांचा, इमारतीतल्या आयांचा एक प्रश्न माझ्याकडे नेमानं येतो: "अमुक सिनेमाला नेऊ का गं पोराला? चालेल ना?" मला स्वतःचं मूल नाही. पण या प्रश्नाचा विचार मी मनापासून करते, कारण चार-पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपण काय दाखवतो याची मला मोठी जोखीम वाटते. त्या वयात पाहिलेलं चित्र आयुष्यभर आत राहू शकतं, आणि मुलाला ते सांगताही येत नाही.

बोर्डाचं प्रमाणपत्र सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर झळकतं. त्यातलं ते एक अक्षर आपण नीट वाचतही नाही. 'यू/ए' हा प्रकार १९८३ मध्ये आला. बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघावा, असा त्याचा अर्थ. चार वर्षांचं बाळ आणि साडेअकरा वर्षांची मुलगी एकाच रकान्यात, आणि ते तसंच चाळीस वर्षं चाललं. २०२३ मध्ये कायदा बदलला तेव्हा त्याचे सात, तेरा आणि सोळा असे तीन टप्पे झाले. घरबसल्या बघायच्या ओटीटीला असे टप्पे २०२१ च्या नियमांनी आधीच लावले होते. हा बदल चांगलाच झाला. तरी सात हा आकडा कायद्याचा आहे, मुलाचा नाही. त्याची आजी महिन्याभरापूर्वी गेली आहे, त्याला अंधाराची भीती वाटते, घरात सध्या आईबाबांचं भांडण चाललं आहे, यातलं काहीच बोर्डाच्या सदस्यांना ठाऊक नसतं आणि असण्याची सोयही नाही. रक्त किती, शिव्या किती, चुंबन किती लांब, हे ते मोजू शकतात. मूल मात्र दुखावतं भलत्याच ठिकाणी.

'फाइंडिंग नीमो' आम्ही माझ्या भाच्याबरोबर घरी पाहिला. सिनेमा सुरू होतो न होतो तोच एक हिंस्र मासा येतो आणि नीमोची आई आणि एक सोडून सगळी अंडी नाहीशी होतात. बहिणीचा हात रिमोटवर तयारच होता. भाचा शांतपणे चुरमुरे खात होता. पुढे समुद्रात एक पाणबुड्या अचानक नीमोच्या मागे उगवतो, तोंडावर मोठा काचेचा मुखवटा आणि नळी. त्या क्षणी भाच्यानं माझ्या कुशीत डोकं खुपसलं. आम्हा दोघींना त्या पाणबुड्यात घाबरण्यासारखं काही वाटलंच नव्हतं. त्यानंतर बरेच दिवस त्याच्या बाबांचा पोहण्याचा चष्मा न्हाणीघराच्या खुंटीवरून काढून कपाटात ठेवावा लागला.

विस्कॉन्सिन विद्यापीठात जोआन कँटर या अभ्यासक बाईंनी मुलांच्या अशा भीतीचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. त्यांनी अमेरिकेतल्या 'द इन्क्रेडिबल हल्क' या मालिकेचं उदाहरण घेतलं होतं. त्यात एक भला शास्त्रज्ञ राग आला की हिरवा राक्षस होतो, आणि राक्षस होऊन लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना तो वाचवणारा दिसत होता. शाळेतही न जाणाऱ्या लहानांना मात्र माणसाचा चेहरा बदलतो याचीच धडकी भरत होती. लहान मूल आधी दिसण्याला भितं, अर्थाला नंतर. आणि "अरे, ते खोटं असतं" ही आपली नेहमीची समजूत त्या वयात फारशी कामी येत नाही, हेही त्यांच्या अभ्यासातून पुढे आलं. जवळ घेणं, पाठीवरून हात फिरवणं, घोटभर काहीतरी प्यायला देणं यानं मूल लवकर सावरतं. आपल्याकडच्या आज्या हेच तर करत आल्या.

आज्यांवरून आठवलं. आपल्या बाळगोष्टींमध्ये भीतीची काही कमतरता नव्हती. लेकीकडे निघालेल्या म्हातारीला खायला वाघ आणि कोल्हा रस्त्यात टपून बसलेले असतात. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं. कुणी कधी विचारलं नाही की ही गोष्ट चार वर्षांच्या मुलाला सांगावी का, आणि विचारायची गरजही नव्हती. ऐकलेल्या गोष्टीतला वाघ मूल स्वतःच्या मनात उभा करतं, आणि जेवढा सोसेल तेवढाच मोठा करतं. आणि सांगणारी आजी त्याच्या तोंडाकडे बघत असते. ओठ थरथरायला लागले की वाघाला शिंक येते, म्हातारी टुणकन पुढे जाते, गोष्ट वळण घेते. सिनेमातला वाघ कुणीतरी आधीच मापून ठेवलेला असतो. आणि पडद्याला डोळे नसतात. समोरचं मूल रडतंय की खिदळतंय, याचा त्याला पत्ता नसतो. म्हणून त्याच्या तोंडाकडे बघणारं कुणीतरी शेजारच्या खुर्चीत लागतं.

रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण मला या बाबतीत फार महत्त्वाची वाटते. मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथा लिहिणाऱ्या लेखकानं मुलांसाठी चेटकीण लिहिली. आधी दिलीप प्रभावळकरांनी ती केली आणि अलीकडे वैभव मांगले यांनी. त्या प्रयोगाला बसलेली मुलं किंचाळतात, पण रंगमंचाकडे बघून किंचाळतात. चेटकिणीला उलट उत्तरं देतात, अलबत्याला ओरडून सावध करतात. तिथं चेटकीण थांबते, मुलांचं ऐकते, त्यांच्यावर डोळे वटारते, पुन्हा चालू लागते. प्रेक्षागारात शेकडो मुलं एकदमच घाबरलेली असतात, म्हणून त्यातलं कुणीच एकटं नसतं. ही भीती मुलाला द्यावी. ती दिली नाही तर त्याला एका मोठ्या आनंदाला मुकावं लागतं. मी भ्यायलो होतो आणि मला काही झालं नाही, हे अंगात भिनायला आधी भ्यावं लागतं.

"कार्टून आहे ना, मग काय बघायचंय त्यात!" हे वाक्य मी पुष्कळदा ऐकते आणि दर वेळी मला जपानमधला १९८८ सालचा एप्रिल आठवतो. स्टुडिओ घिब्ली या संस्थेचे दोन चित्रपट तेव्हा एकाच दिवशी, एकाच तिकिटावर जोडीनं दाखवले गेले. दोन्ही हातानं रंगवलेल्या चित्रांचे. एक हायाओ मियाझाकी यांचा 'माय नेबर टोटोरो'. आई इस्पितळात आहे, दोन बहिणी बाबांबरोबर खेड्यात राहायला आल्या आहेत, आणि झाडाच्या ढोलीत एक अवाढव्य, केसाळ, झोपाळू प्राणी आहे. त्यात खलनायकच नाही. दुसरा इसाओ ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. महायुद्धात कोबे शहरावर बॉम्ब पडतात, आई जाते, चौदा वर्षांचा भाऊ आणि त्याची चार वर्षांची बहीण उपासमारीला लागतात आणि वाचत नाहीत. भुकेनं गोंधळलेली ती चिमुरडी मातीचे गोळे करून भावापुढे ठेवते, ते मी अजून सलग बघू शकलेले नाही. 'टोटोरो' मी कुठल्याही चार वर्षांच्या मुलाला निर्धास्त दाखवते. 'फायरफ्लाइज' सोळाव्या वर्षीही कुणाच्या तरी सोबतीनंच बघावा.

'टोटोरो'मध्येही दुःख आहे, हे विसरता कामा नये. आईची तब्येत बिघडल्याचं कळल्यावर धाकटी मेई मक्याचं कणीस उराशी धरून एकटीच इस्पितळाच्या वाटेला लागते आणि हरवते. तळ्यात एक चप्पल सापडते. तेवढी काही मिनिटं माझ्या भाच्यानं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. हे दुःख त्याच्या मापाचं होतं. आई बरी होईल ना, बहीण सापडेल ना, हे प्रश्न त्याला आधीपासूनच माहीत असतात. सिनेमा ते त्याच्यासाठी नव्यानं तयार करत नाही. मुलांना दुःखापासून लांब ठेवावं, हे म्हणूनच मला मान्य नाही.

मराठी घरांना तर ते कधीच मान्य नव्हतं. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या 'श्यामची आई'ला शाळांनी रांगा लावून मुलं नेली. राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक या चित्रपटाला मिळालं. वनमालाबाईंनी साकारलेली आई शेवटी जाते, आणि पिढ्यानपिढ्या मुलं थिएटरमध्ये हुंदके देऊन रडली. त्यांना कुणी अडवलं नाही, कारण रडणाऱ्या मुलाच्या डाव्या-उजव्या हाताला रडणारी दुसरी माणसं होती आणि घरी गेल्यावर आई जिवंत होती. त्या मुलांनी घरी जाऊन आईला मारलेली मिठी हा त्या सिनेमाचाच भाग होता, असं मी मानते.

अविनाश अरुण यांचा 'किल्ला' २०१४ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला, तेव्हा त्याला क्रिस्टल बेअर दिलं ते मुलांच्या परीक्षक मंडळानं. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय, आईच्या बदलीमुळे कोकणातल्या अनोळखी गावी येतो. मित्र होतात. एके दिवशी पावसात हे मित्र त्याला किल्ल्यावर सोडून निघून जातात. त्या ओल्या दगडी अंधारात तो एकटा हाका मारत फिरतो. त्या सिनेमात मोठं असं काहीच घडत नाही, मोठी माणसं त्याला संथही म्हणतील. बर्लिनमधल्या त्या मुलांनी कोकण कधी पाहिलं नव्हतं, पण मित्रांनी टाकून जाणं त्यांना ठाऊक होतं.

संदीप सावंत यांच्या 'श्वास'बद्दल मी जास्त जपून बोलते. परशुरामच्या डोळ्यांत कर्करोग आहे, शस्त्रक्रियेनं जीव वाचेल पण दृष्टी जाईल, आणि शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला इस्पितळातून बाहेर, जग बघायला घेऊन जातात. मुलाला हे सांगायचं कोणी आणि कसं, यावरच सगळा सिनेमा उभा आहे. म्हणूनच तो आधी मोठ्यांनी बघावा, आणि मुलाला नऊ-दहाव्या वर्षी, कुठल्या तरी निवांत दुपारी दाखवावा. सहा वर्षांच्या मुलाला त्यातून एवढंच कळेल की डॉक्टर डोळे काढतात. आणि पुढच्या वेळी डोळे तपासायला न्यायचं म्हटलं की ते दाराच्या चौकटीला घट्ट धरून बसेल.

आता ज्याच्यापाशी मी खरोखर अडते, ते सांगते. मला भीतीपेक्षा, मृत्यूपेक्षा, रक्तापेक्षाही जास्त काळजी वाटते ती हसण्याची.

कुटुंबानं एकत्र बघायचा, निर्मळ विनोदी म्हणून गाजलेला एक सिनेमा एका नातेवाइकांकडे सुट्टीत टीव्हीवर लागला होता. सगळी मुलं खाली सतरंजीवर. त्यातलं एक पात्र तोतरं बोलायचं आणि ते तोंड उघडायचं तेव्हा बाकीची पात्रं हसायची. मुलं हसली, मोठी हसली. भीती नाही, हिंसा नाही, सगळं 'चालेल' असंच होतं. शाळा उघडल्यावर काही दिवसांनी बाईंनी बहिणीला बोलावून घेतलं. भाच्याच्या वर्गात एक मुलगी अडखळत बोलते, आणि तो तिच्याशी त्या पात्रासारखं बोलत होता. त्यात दुष्टपणा नव्हता. असं बोललं की सगळे हसतात आणि सगळ्यांना बरं वाटतं, हे त्यानं घरातच, आपल्या माणसांत बसून पाहिलं होतं. त्या मुलीनं शाळेत बोलणंच थांबवलं होतं.

तेव्हापासून कुठल्याही सिनेमाबद्दल मला विचारलं की मी आधी आठवून बघते, यात हसतात कुणाला? जाड्या मित्राला? काळ्या नवरीला? कामवाल्या बाईच्या बोलीला? बायकी चालणाऱ्या पुरुषाला? या हसण्याला बोर्ड सहसा अडवत नाही, आईबाबाही नाहीत, कारण त्यात मूल घाबरत नाही. रात्री दचकून उठत नाही. त्याची आई फोन करून मला सांगत नाही की तो झोपला नाही. मूल मजेत असतं, आणि त्याच मजेत कुणाला खाली बसवायचं हे शिकत असतं. भीती कुशीत घेतल्यावर उतरते. हे हसणं कुशीत घेऊन उतरत नाही, कारण त्यातून मुलाला आधार मिळालेला असतो: आपण हसणाऱ्यांच्या बाजूला आहोत.

याच्या अगदी उलट टोकाला नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' आहे. जब्याच्या कैकाडी कुटुंबाला गावातलं डुक्कर पकडायला लावतात. शाळेतली मुलं, गावातली माणसं कडेला उभी राहून बघतात, फोटो काढतात, हसतात. मनापासून आवडणाऱ्या शालूला दिसू नये म्हणून जब्या आडोशाला लपतो, बाप त्याला ओढून बाहेर आणतो. राष्ट्रगीत सुरू होतं, सगळं कुटुंब आहे तिथं ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. आणि शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड सरळ आपल्याकडे येतो. त्यात शिव्या आहेत, मारहाण आहे, अपमान तर इतका आहे की श्वास कोंडावा. लहानग्यांसाठी तो नाही. पण बाराव्या-तेराव्या वर्षी हा सिनेमा प्रत्येक मराठी मुलानं बघावा असं मला वाटतं, आणि त्यातही ज्या मुलांना आयुष्यात कुणी कधी हसलेलं नाही त्यांनी आधी. कारण हसणं इथंही आहे, आणि पुष्कळ आहे. फरक एवढाच की हा सिनेमा आपल्याला हसणाऱ्यांच्या घोळक्यात आरामात बसू देत नाही. मुलाला हा सिनेमा कुणाच्या शेजारी उभं करणार आहे, हे मला आधी बघायचं असतं.

बाकीच्या गोष्टी तशा सोप्या आहेत. सिनेमा आधी आपण स्वतः बघावा. ते जमण्यासारखं नसेल तर ज्यानं पाहिला आहे त्याला नेमके प्रश्न विचारावेत. "छान आहे" हे उत्तर पुरत नाही. धूम्रपान असलेल्या सिनेमांआधी कर्करोगानं पोखरलेल्या तोंडांची चित्रफीत येते, आणि दुसऱ्याच कुठल्या मारधाडीच्या सिनेमाची झलकही. त्यासाठी कुणी मुलाला आणलेलं नसतं. म्हणून मी त्याला घेऊन थोडी उशिराच आत जाते. शेवट काय होतो ते आधी सांगून टाकते. मोठ्यांना ते आवडत नाही, पण मूल एकच गोष्ट रोज रात्री ऐकायला मागतं ते शेवट माहीत असतो म्हणूनच. नीमो सापडतो, हे ठाऊक असलं की समुद्र तितका मोठा राहत नाही.

आणि आपल्याकडे मध्यंतर आहे, याचा मला फार आनंद आहे. दिवे लागतात, माणसं उठतात, वडे-समोशांचा वास येतो. त्या दहा मिनिटांत मुलाला बाहेर घेऊन बसावं आणि पुढचं बघायचं का, असं खरोखर विचारावं, म्हणजे त्याच्या नकारानंतर घरी जायच्या तयारीनंच विचारावं. तिकिटाचे पैसे गेले असं म्हणू नये. बघणं मधेच थांबवता येतं, हे मुलाला एकदा उमगलं की ते पुष्कळ धीरानं बघतं. पुढे मोबाइल हातात येईल तेव्हा आपण शेजारी नसू. नको वाटलं की बंद करायचं, ही सवय तेव्हा त्याच्या कामाला येईल.

परवा बहिणीचा फोन आला. भाच्याच्या मित्राचा वाढदिवस आहे, त्याचे आईबाबा सगळ्या मुलांना 'कोको' दाखवणार आहेत, घरी, मोठ्या पडद्यावर. मेलेल्या पूर्वजांच्या जगात गेलेला मेक्सिकोतला मुलगा, सांगाडे, फोटो, विसरलं की पुन्हा मरण. "पाठवू का गं, ताई?" सांगाड्यांचं मला काही वाटत नाही, ते गातात आणि नाचतात. पण त्यात एक मित्र मित्राला विष देतो, हे तिला माहीत नव्हतं. आणि वाढदिवस असलेल्या त्या मुलाच्या घरी गेल्याच वर्षी आजोबा वारले, हे मला माहीत नव्हतं. मी तिला म्हटलं, त्या आईशी आधी बोल, तिच्या मुलाला आजोबांबद्दल काय काय सांगितलंय ते विचार. आपल्या पोराला मी आजच रात्री विषाचा भाग आणि शेवट सांगून ठेवते. आणि मुलं खाली बसणार असतील तर कुणातरी मोठ्यानंही खालीच बसायचं, मागच्या सोफ्यावर नाही. "मग तूच ये की," ती म्हणाली. शनिवारी चार वाजता जायचं ठरलं आहे.